पळायला दुकान कशाला लागतं?

यूजीन, ऑरेगन
नोव्हेंबर

ती. आई-बाबा,

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा चिवडा झाला आहे, पण कडबोळी शाबूत आहेत. अनारसे तुमच्या जावयांनी फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर लपवले आहेत, चिरंजीवांचा हात पोचू नये म्हणून. चिरंजीव आता त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच आहेत, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता मुद्द्याचं. बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पळायला दुकान कशाला लागतं?" यवतेश्वरच्या घाटात २०१२पासून हाफ मॅरेथॉन होते, एवढी हजारो माणसं घाट चढतात, ती काय दुकानातून सुटतात का, असंही विचारलंत. उत्तर सविस्तर द्यायचं म्हणून पत्र लिहिते आहे. शिवाय पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

तर आधी या गावाबद्दल. यूजीनला पळण्याचं वेड आहे. अभिमानाने ते स्वतःला 'ट्रॅकटाउन' म्हणवतात. मुसळधार पावसात रात्री आठ वाजता रस्त्याने माणूस पळताना दिसला, तर सातारकर विचारील, "काय झालं हो? कोण आजारी आहे?" इथे कोणी मान वर करून बघत नाही. याला कारणीभूत बिल बावरमन नावाचा इथल्या विद्यापीठाचा प्रशिक्षक. १९६२ साली तो न्यूझीलंडला गेला. तिथे आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने त्याला एका रविवारी आपल्या मंडळींबरोबर पळायला नेलं. बावरमनने पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, आणि आपण धडधाकट आहोत अशी त्याची पक्की समजूत. एक सत्तरी उलटलेले आजोबा त्याच्यासाठी वेग कमी करून शेजारून गप्पा मारत राहिले, आणि याला 'हो' म्हणायलाही दम उरेना. हा अपमान त्याने सत्कारणी लावला. १९६३मध्ये यूजीनला परतल्यावर गावातल्या साध्यासुध्या बायाबापड्यांना हेवर्ड फील्ड या मैदानावर बोलावून हळूहळू पळायला शिकवलं आणि पुढे एका हृदयरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन त्यावर पुस्तकही लिहिलं. अमेरिकेत पोट सुटलेली माणसं रस्त्यावर पळू लागली ती बरीचशी त्यामुळे. नायकी कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक तोच. १९७१मध्ये बुटाच्या तळव्याला पकड यावी म्हणून त्याने बायकोच्या वॉफलच्या साच्यात रबरासारखं रसायन ओतलं. साचा कायमचा चिकटून बसला. आई, बाबांनी तुझ्या अप्पेपात्रात डांबर ओतलं असतं तर जे झालं असतं, ते त्या घरी झालं असणार; इतिहासकार मात्र त्यावर गप्प आहेत.

अशा गावात मी इतकी वर्षं फक्त चालत राहिले. या वसंतात डॉक्टरीणबाईंनी रक्तातली साखर पाहून भुवया उंचावल्या आणि मी जुने कॅनव्हासचे बूट घालून नदीकाठी पळायला गेले. गुडघे बोलू लागले. मग शेजारणीने पळणाऱ्यांच्या दुकानाचं नाव सांगितलं.

दुकान म्हणजे दोन गाळ्यांएवढं. आत ओल्या बुटांचा वास, भिंतीवर गावातल्या शर्यतींचे फोटो आणि गल्ल्यापाशी सत्तरीतल्या एक आजी. मी लगेच सांगून टाकलं, "मी काही धावपटू नाही हं, मी नुसती…" आजींनी वाक्य पुरं होऊच दिलं नाही. म्हणाल्या, "मोजे काढ." संपला प्रवेशाचा विधी.

एका थंडगार लोखंडी पट्टीवर त्यांनी माझे दोन्ही पाय मोजले, आणि तेही उभं करून, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं. डावं पाऊल उजव्यापेक्षा लांब निघालं. शिवाय लहानपणापासून चपलांत वाढलेल्या माझ्या पायाची बोटं कशी ऐसपैस! इथल्या बायकांच्या बुटाची नेहमीची रुंदी 'बी', मला लागते 'डी'. आजवर मी एक माप लहान बूट घालत आले होते, आणि तुम्ही म्हणायचात की ही पोरगी चालताना तोंड वाकडं करते! पळताना पाय सुजतो आणि बुटात पुढे सरकतो; म्हणून बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, आणि बूट घ्यायला यायचं ते दुपारनंतर, पाय दिवसभर वापरून झाल्यावर. मग त्यांनी मला नवेकोरे बूट घालून दुकानाबाहेर पिटाळलं: "कोपऱ्यापर्यंत पळून ये." पैसे न देता! मी पर्स काखेत मारून पळाले. बसथांब्यावरचे लोक बाजूला झाले. तुमचे जावई दारात हात जोडून उभे होते, ओलीस ठेवल्यासारखे.

मी परत आले की आजी माझ्या टाचांकडे बघायच्या, मान हलवायच्या, दुसरी जोडी काढायच्या. बाहेर पाऊस, मी आत-बाहेर, आणि खाली बुटांच्या खोक्यांचा ढीग. शेवटी जी जोडी पायात विरघळली तिची किंमत दीडशे डॉलरच्या घरात होती. (बाबा, गुणाकार करू नका. मी केला होता, रात्रभर झोप नाही.) माझा चेहरा बघून आजी मागच्या खोलीत गेल्या आणि तेच बूट, पण गेल्या वर्षीचं मॉडेल, बऱ्याच स्वस्तात घेऊन आल्या. रंग तेवढा असा, की मोतीचूर लाडू आणि पिस्ता बर्फी एकाच ताटलीत सांडली आहे. म्हणून तर उरले होते.

त्यानंतर जे झालं ते तुमच्या जावयांना अजून पचलेलं नाही. ते कराडच्या कापडदुकानदाराचे चिरंजीव. रिकाम्या हाताने गिऱ्हाईक बाहेर पडलं की सासरे दिवसभर जेवत नसत. मी मनगटी घड्याळ मागितलं, अंतर मोजणारं. वेणी घातलेला एक मुलगा म्हणाला, "फोन आहे ना? पुढच्या वर्षी बघू." शर्यतीत चोखतात त्या साखरेच्या पुड्या मागितल्या, तर म्हणे, "तीन मैलांना पाणी पुरतं." विकले काय, तर मोजे, सुती नव्हेत, कारण सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड आणतो. आणि बुटाच्या अगदी वरच्या भोकाचा उपयोग फुकट शिकवला. ते भोक आपण जन्मभर रिकामं ठेवतो ना? नाडी त्यातून उलटी ओवून फास करायचा, की टाच जागच्या जागी बसते. "हे लोक बुडणार," असं जावई गाडीत बसल्या-बसल्या म्हणाले.

मग त्यांनीच हिशोब मांडला. बूट पाचशे ते आठशे किलोमीटर चालतात, मग तळव्याचा फोम बसतो. म्हणजे मी वर्षाच्या आत पुन्हा हजर. चिरंजीव शाळेच्या क्रॉसकंट्रीत, पाय दर सहा महिन्यांनी वाढतो. आणि हे स्वतः, "नुसता बघायला" म्हणून परत गेले आणि पाकीट हलकं करून आले. आपल्यातल्याच एकाने मला सल्ला दिला होता की माप दुकानात घ्यायचं आणि बूट मागवायचे इंटरनेटवर, वीस डॉलर वाचतात. त्या आजी गुडघ्यावर बसून माझ्या नाड्या बांधत होत्या हो! त्या गृहस्थांना मी संक्रांतीला बोलावणार नाही.

दर बुधवारी संध्याकाळी दुकानापासून सगळे मिळून पळतात. वेगाप्रमाणे टोळ्या पडतात. आमची टोळी थोडं पळणारी, थोडं चालणारी. ही पद्धत लोकप्रिय केली जेफ गॅलोवे यांनी. गृहस्थ १९७२च्या ऑलिंपिकमध्ये पळालेले आणि पुढे त्यांनीही पळणाऱ्यांचं दुकानच काढलं! तेव्हा बाबा, तुमचा प्रश्न खरा त्यांनाच विचारायला हवा होता. आमच्या सगळ्यात मागे दुकानातला एक जण मुद्दाम पळतो, म्हणजे शेवटचा नंबर कायम त्याचा. आणि सगळे एकमेकांना सारखे शाबासकी देत असतात. मी सिग्नलला थांबले तरी "गुड जॉब!" आमच्या घरी चाळीस वर्षांतली सर्वोच्च दाद म्हणजे "बरी झालीय भाजी". पहिले काही आठवडे मला वाटे, ही माणसं माझी टिंगल करताहेत.

इथला जुना नियम असा, की बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं. ही परीक्षा मी पहिल्याच दिवशी उत्तीर्ण झाले. उकडीचे मोदक कसे करतात हे मी आजींना सबंध नदीकाठ सांगत होते. पारीला कळ्या पाडण्यापर्यंत आले तेव्हा दम त्यांना लागला होता.

आमची वाट म्हणजे प्रीज ट्रेल. स्टीव्ह प्रीफाँटेन हा इथला लाडका धावपटू १९७५मध्ये, चोविसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेला. त्याच्या नावाने लाकडाच्या ढलप्यांची मऊ वाट केली आहे. गुडघ्यांना फार सुखाची, पण जूनमध्ये अवघड. या खोऱ्यात गवताचं बी पिकवतात, त्याचे पराग उडतात आणि सगळं गाव शिंका देत पळतं.

आणि बाबा, आपली ओळख इथे तुमच्या जावयांच्या पीएचडीमुळे नाही, बीडमुळे आहे. २०२२ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा हेवर्ड फील्डवरच झाली. नीरज चोप्राचं ८८.१३ मीटरचं रौप्य तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. पण आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे इथे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाला. अकरावा आला. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या कमी पडल्या म्हणून की काय, मध्येच एक कॅमेरावाला ट्रॅकवर उभा राहिला आणि साऱ्यांना त्याला वळसा घालावा लागला! त्यानंतर काही आठवड्यांतच पठ्ठ्याने बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य मारलं, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. वेणीवाल्या मुलाला हे आकडे तोंडपाठ आहेत. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला चार दिवस चालायचीच लाज वाटली.

आता पाऊस लागला आहे. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, उन्हात किंवा हीटरवर ठेवायचे नाहीत, असं आजींनी बजावलं. पण इथे वर्तमानपत्र घेतो कोण? घरात कागद होता तो फक्त तुमच्या फराळाभोवतीचा 'ऐक्य'. तेव्हा सध्या माझ्या डाव्या बुटात सातारा नगरपालिकेच्या बातम्या आहेत आणि उजव्यात सोन्याचा भाव. दोन्हींना चिवड्याचा वास येतो. बुधवारी एक कुत्रं बराच वेळ माझ्या मागे पळालं. सगळे म्हणाले, "गुड जॉब!"

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी पाच किलोमीटरची शर्यत आहे. लोक टर्कीच्या टोप्या घालून पळतात. मी घालणार नाही, असं आज तरी ठरलं आहे.

एक काम आहे. आई, तू रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर त्या झिजलेल्या सपाता घालून चढतेस, ते मी आजींना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. तुझं माप मागवलंय. संध्याकाळी, कामं आटोपल्यावर, कागदावर उभी राहा, दोन्ही पायांवर वजन देऊन. बाबांनी पेन्सिल सरळ उभी धरून कडेने रेघ मारावी. तिरकी धरली की माप बोटभर चुकतं. दोन्ही पावलांचं हवं. "माझ्या सपाता चांगल्या आहेत" असं आई म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नये.

तुमची,
धाकटी

ता. क. (जावयाकडून) : आईंना रंग आत्ताच सांगून ठेवा. मिळणार आहे ते गेल्या वर्षीचं मॉडेल.