केळवणाचा चिरूट

पूर्वी लग्न ठरलेल्या मुलाचं केळवण मावशी करायची. ताटाभोवती रांगोळी, अळूचं फदफदं, जिलबी आणि निघताना हातावर शर्टपीस. डेट्रॉईटच्या उपनगरांत मावश्या दुर्मिळ, म्हणून हे कर्तव्य आता मित्रांच्या गळ्यात पडलं आहे. नोव्ही आणि ट्रॉयमध्ये दिवसभर मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासणारे चार सभ्य मराठी तरुण ऑक्टोबरातला कोलंबस डेचा लांब वीकएंड गाठतात आणि आपल्यातल्याच नवरदेवाला घेऊन अँबॅसडर पुलावरून कॅनडातल्या विंडसरला जातात. (विंडसर डेट्रॉईटच्या दक्षिणेला आहे. अमेरिकेतून खाली उतरून कॅनडात जायची सोय इथे आहे.) दसरा आसपासच असतो, त्यामुळे वेस ओलांडून पानं लुटून आणणं शास्त्राला धरूनच. फक्त ही पानं आपट्याची नसून तंबाखूची, आणि तीही क्युबाची.

आता या चौघांपैकी एकानेही आयुष्यात सुपारीपलीकडे व्यसन केलेलं नाही. मग क्युबाची सिगारच का? कारण अमेरिकेत ती मिळत नाही. शेजारच्या वाड्यातल्या कैरीला जी चव असते तीच हिला आहे, आणि ती चव आणण्याचं सगळं श्रेय वॉशिंग्टनला जातं. फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींनी क्युबाशी व्यापार बंद केला. त्यांचे प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी, की सहीच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी त्यांना बोलावून हजारेक 'पेटिट उपमन' सिगार सकाळपर्यंत जमवायला सांगितलं. सॅलिंजरनी बाराशे जमवल्या. आकडा ऐकून साहेब खूश झाले, खणातून हुकूमनामा काढला आणि सही ठोकली. आधी घरचा साठा, मग देशाचं धोरण. रेशनच्या काळात आपल्याकडेही पुष्कळांना हा क्रम माहीत होता. त्यांच्यावर कोणी पुस्तकं लिहिली नाहीत, एवढंच.

पुढे ओबामांनी २०१४ च्या अखेरीस मैत्रीचा हात पुढे केला आणि २०१६ मध्ये स्वतःपुरत्या सिगार आणायला मोकळीक दिली. ट्रम्प सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये ती काढून घेतली. सध्याचा हिशेब मोठा गोड आहे. अठ्ठेचाळीस तास बाहेर राहून परतलेला अमेरिकावासी शंभर सिगार बिनाशुल्क आणू शकतो. क्युबाची एकही नाही. कॅनडात बसून क्युबाची सिगार ओढली तर गुन्हा नाही, खिशात घालून पूल ओलांडला की आहे. धूर फुप्फुसांत भरून आणला तर काय, याबद्दल कायदा गप्प आहे. इतक्या बंदीनंतर हवानाचा धंदा बुडाला असेल, असं वाटतं ना? हाबानोस कंपनीची २०२४ ची विक्री ८० कोटी डॉलरच्या वर गेली, आणि त्यात अमेरिकेचा अधिकृत वाटा शून्य. इतका निष्ठावान जाहिरातदार पगार देऊनही मिळत नाही.

तर आपले वीर. एक अमेरिकन नागरिक, तो गाडी चालवणार. दोघांकडे ग्रीन कार्ड. चौथा एचवनबीवर, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून केस पिकलेला. त्याच्या पासपोर्टवरचा शिक्का संपलेला आहे. कॅनडातून तीस दिवसांच्या आत परतलं तर तो चालवून घेतात, या एका नियमाच्या काठीवर त्याचा संसार, घराचं कर्ज आणि मुलीचं भरतनाट्यम उभं आहे. मोज्यात सिगार लपवून आणायची कल्पना, अर्थातच, याची. माणूस वर्षानुवर्षं फॉर्म बरोबर भरत राहिला की त्याला असं काहीतरी होतं.

मोहिमेची तयारी चोख होती. जुन्या खेळाडूंची रीत अशी, की क्युबाच्या सिगारवरची पट्टी सोलायची आणि डॉमिनिकन सिगारची डकवायची. क्युबाच्या 'कोहिबा'च्याच नावाची डॉमिनिकन सिगार अमेरिकेत राजरोस विकली जातेच. नाव कायदेशीर, पान बेकायदेशीर. चौथ्याने त्यासाठी गोंदाची नळीसुद्धा घेतली होती. पण कॅनडा सरकारने घात केला. तिथे तंबाखूच्या वेष्टनाला सक्तीने एकच मळका तपकिरी रंग असतो आणि सिगारच्या पट्टीचीही त्यातून सुटका नाही. ज्या पिवळ्या-काळ्या पट्टीपायी फोटो काढायचे, तीच गायब! वर किंमत, एका कोहिबाला शंभर डॉलरच्या पुढे. नवरदेव बाहेर जाऊन जरा वारा घेऊन आला.

अशा वेळी मराठी माणूस दुकानदाराशी वाद घालत नाही, ओळख काढतो. विंडसरमधल्या ओळखीच्यांचा मेहुणा नुकताच क्युबात वराडेरोच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवून आला होता. त्याच्याकडे पंचवीसची अख्खी पेटी, पट्ट्या झळझळीत, वर काचेचं झाकण. किनाऱ्यावरच्या विक्रेत्याचा चुलत भाऊ म्हणे कारखान्यातच कामाला. भाव दुकानाच्या दशांश. नवरदेवाने पेटीला नमस्कार केला.

ओढायची कुठे, हा प्रश्न राहिलाच होता. हॉटेलच्या खोलीत हॉटेलची बंदी, बारमध्ये बंदी, बारच्या बाहेरच्या अंगणात बंदी आणि त्या अंगणापासून नऊ मीटरपर्यंतही बंदी, असा ओंटारिओचा कायदा. चौघांनी मोबाईलवर अंतर मोजलं आणि पार्किंगच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्याशेजारी, कानटोप्या घालून एक पेटवली. ठसका नागरिकालाही लागला आणि ग्रीन कार्डवाल्यांनाही. समोर नदी. दारूबंदीच्या काळात याच नदीवरून, हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावर गाड्या घालून, विंडसरची व्हिस्की डेट्रॉईटला जायची. त्या पेट्यांमागे बंदुका होत्या. आपल्या पेटीमागे एक्सेल शीट होतं.

सोमवारी संध्याकाळी, अठ्ठेचाळीस तास मोजून, गाडी बूथपाशी. सिगार वाटून मोज्यांत. अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळले आणि विचारलं, "दारू, तंबाखू, फळं, भाजी?" नागरिक "नो" म्हणाला. मागच्या सीटवरून चौथ्याचा आवाज आला, "सर, कढीपत्ता आहे."

पुढचा पाऊण तास गाडी बाजूला उभी. कढीपत्ता बाहेरून अमेरिकेत आणायला बंदी आहे. त्यावरची कीड संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावते. अधिकाऱ्याने जुडी पिशवीत घातली, खरं सांगितल्याबद्दल आभार मानले आणि मोज्यांकडे ढुंकूनही न पाहता जायला सांगितलं. चौघांपैकी तिघे म्हणाले, सुटलो. नवरदेव थोडा हिरमुसला. एवढी तस्करी केली आणि कुणी साधा संशयसुद्धा घेऊ नये?

मेंदीच्या रात्री मुलीकडच्या एका जाणकार काकांसमोर पेटी उघडली गेली. काकांनी सिगारला हातही लावला नाही. काचेच्या झाकणातून कोहिबा कधीच विकली जात नाही, पेटी बघूनच ती बनावट कळते, म्हणाले. किनाऱ्यावरचा माल, कुठल्या तरी चुऱ्याचा.

चौथ्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. बनावट, म्हणजे आपण गुन्हा केलाच नाही! काकांनी चष्मा पुसत समजावलं, की नाव खोटं असलं तरी चुरा क्युबाचाच आहे. त्यामुळे माल नकली, पण गुन्हा शंभर टक्के अस्सल. चौथा तिथून उठला तो थेट वकिलाला ईमेल लिहायला बसला. वकील दर पंधरा मिनिटांचे पैसे लावतो. त्या ईमेलच्या बिलात दोन खऱ्या कोहिबा आल्या असत्या.