घरबसल्या बस पकडा: नवशिक्यांसाठी

स्टॉपवर उभं राहून बसची वाट पाहायचा ज्यांना कंटाळा आला आहे, त्यांनी ती संगणकावर पाहावी. त्यासाठी क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि जीटीएफएस साच्यातलं वेळापत्रक मिळवा. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा आणि गूगल यांनी २००५ च्या सुमारास हा साचा बेतला. वेळापत्रकाची झिप फाईल उघडली की आत साध्या मजकुराच्या फायली निघतात: थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा. उदाहरणाला पुणं घेऊ.

वेळांच्या फायलीत २५:१०:०० दिसलं तर दचकू नका. मध्यरात्रीनंतर १ वाजून १० मिनिटांनी येणारी बस आदल्याच दिवसाच्या खात्यात धरतात. सूर्योदयाला वार बदलणारं पंचांग ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता थांबे नकाशावर टाका. एक्सच्या रकान्यात रेखांश, वायच्या रकान्यात अक्षांश. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, त्यामुळे नवशिका हमखास उलट भरतो आणि स्वारगेट नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंडच्या खाली समुद्रात जाऊन पडतं. कात्रजही सोबत गेलेलं असतं, एवढाच दिलासा.

पुढे प्रत्येक थांब्याभोवती ५०० मीटरचं वर्तुळ. हा आकडा घालण्याआधी एकक बघा. मीटरऐवजी अंश राहिले तर, पृथ्वीचा घेरच ३६० अंशांचा असल्याने, एका स्टॉपवर साऱ्या जगाची सोय होते. अहवालाला हे कितीही सोयीचं असलं तरी टाळा. मीटरमध्ये मोजायचं तर पुण्यासाठी यूटीएम ४३ उत्तर हे प्रक्षेपण घ्या.

वर्तुळं सुंदर दिसतात. इथेच थांबायचा मोह होतो, आणि बरेच जण थांबतातही. पण डेक्कनच्या काठावरच्या थांब्याचं वर्तुळ मुठा नदी ओलांडून नारायण पेठेत शिरतं आणि तिथल्या रहिवाशांना पोहत बस पकडायला लावतं. म्हणून वर्तुळ सोडा, रस्त्यांच्या जाळ्यावरून चालण्याचं अंतर काढा. मग संगणक शहाण्यासारखा पुलावरून जातो. नेमका भिडे पुलावरून. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तो पूल पाण्याखाली जातो, हे पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलं नसतं. चढाची माहिती वेगळी पुरवली नाही, तर पर्वतीच्या पायऱ्याही ते सपाट रस्त्याच्या वेगाने चढतं.

प्रवासाचा वेळ काढताना निघायची वेळ विचारली जाते. सगळे मंगळवार सकाळी ८ टाकतात, कारण मंगळवारी सहसा सुट्टी नसते आणि नकाशा चांगला दिसतो. तुम्ही ८ वाजून १ मिनिट टाकून पाहा. ८ ची बस तेवढ्यात गेलेली असते, आणि अर्ध्या तासाने बस असलेल्या उपनगराचा रंग झटक्यात बदलतो. यावर प्रामाणिक उपाय म्हणजे तासाभरातल्या प्रत्येक मिनिटाला निघून पाहायचं आणि मधली किंमत घ्यायची. संगणकाचे पाय दुखत नाहीत. त्यानंतर रविवार आणि रात्री १० लाही हाच उद्योग करा. दवाखान्यातली दुसरी पाळी सुटते तेव्हा घरी जायला बस आहे का, हे मंगळवारी सकाळी कळत नाही.

शेवटी थांब्यांच्या फायलीत चाकाच्या खुर्चीचा रकाना शोधा. १ म्हणजे निदान काही बसमध्ये चढता येतं, २ म्हणजे येत नाही, ० म्हणजे माहिती नाही. सगळीकडे शून्यच दिसलं तर त्याला राखाडी रंग द्या. बैठकीत कुणीतरी सुचवेल की राखाडी उदास वाटतो, फिकट हिरवा करू. करू नका. माहिती कशी मिळेल असं विचारलं, तर स्टॉपवर जाऊन पाहावं लागेल असं सांगा. फुटपाथची उंची मोजायची, स्टॉपपुढच्या दुचाक्या मोजायच्या. उरलेली बैठक हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा यावर जाईल.