कॉईलची बदली

शिरूर तालुक्याची वेगाची हौस बैलगाड्यावर भागते. शर्यतीचा घाट, गाड्याची बारी, पुढे पळणारी घोडी आणि सेकंदाच्या अंशावर लागणारा निकाल. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, मे 2023 मध्ये त्यांच्यावर कायमची मोहोर उमटवली, आणि तेव्हापासून आमच्या भागातली माणसं बैलाला काय खुराक घालतात ते स्वतःच्या पोरांना सांगत नाहीत. या वाहनाचा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे त्याला बॉनेट नाही. जे आहे ते समोर आहे. बैल बिघडला तर लंगडतो आणि कुठल्या पायाने लंगडतो तेही दिसतं.

पुतण्याला मात्र बॉनेटवाली हौस. तीही तालुक्यातलीच. रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे, आणि तिथून 2015 मध्ये अबार्थ पुंटो नावाची गाडी बाहेर पडली. 1.4 लिटरचं टर्बो इंजिन, 145 अश्वशक्ती. आपल्या घाटात एक घोडी पुढे धावते तर धुरळा उडतो. इथे 145 एका झाकणाखाली. ही गाडी फार विकली गेली नाही, पुढे फियाटने भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणंच थांबवलं, त्यामुळे हौशी लोकांत तिला हापूसचा भाव आला. पुतण्याने एक जुनी शोधून काढली आणि आमच्या वडगाव रासाईला आणली.

गाडीच्या नाकावर विंचू. कार्लो अबार्थ हा गृहस्थ 15 नोव्हेंबर 1908 ला जन्मला, रास वृश्चिक, म्हणून 1949 मध्ये कंपनी काढली तेव्हा चिन्ह विंचवाचं घेतलं. ही माहिती वहिनींना सांगून काही उपयोग झाला नाही. उसाचं पाचट काढताना ज्या बाईला इंगळी डसली आहे, ती राशीचक्राचं ऐकून घेत नाही. त्यांनी नारळ फोडला, बॉनेटला हळदकुंकू लावलं, चारी चाकांना लावलं, आणि विंचू तेवढा कोरडा ठेवला. "त्याला कशाला मान द्यायचा?"

आता या गाडीत काय वाईट होतं? काही नाही. पण पुतण्या ज्या कंपनीत कामाला आहे तिथे 'फाईव्ह एस' शिकवतात. जपानी पद्धत आहे. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, नियम लावा आणि नियम पाळा. शिफ्ट संपवून आलेलं पोर ही विद्या घरी आणतं. आमच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांवर 'हळद', 'मोहरी' अशी लेबलं आहेत. गोठ्यात जमिनीवर पिवळे पट्टे आहेत. म्हशीने ते अजून वाचलेले नाहीत. घर संपल्यावर त्याची नजर बॉनेटखाली गेली.

"तात्या, कॉईलची बदली करतोय," तो एक दिवस पारावर म्हणाला.

वडगावात कॉईल म्हटलं की माणसाला भीमेच्या काठावरच्या मोटरीची पेटी आठवते. वीज कमी-जास्त झाली की स्टार्टरची कॉईल जळते, आणि तीन फेज पुन्हा जाण्याआधी ती बदलायची असते. त्यामुळे पारावरच्या दोघांनी लगेच, "आमच्याकडं एक जास्तीची हाय, न्यायची तर ने," असं औदार्य दाखवलं. पुतण्याने कपाळावर हात मारला. त्याला कॉईल बदलायची नव्हती, तिची बदली करायची होती. तलाठ्याची करतात तशी. चांगलं काम करत असताना.

या कॉईलचं काम थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पोराचा पराक्रम कळणार नाही. बॅटरीत असतात 12 व्होल्ट. पेट्रोल पेटवायला प्लगच्या टोकाशी, मिलिमीटरभर फटीत, ठिणगी पडावी लागते, आणि तिला हजारो व्होल्ट लागतात. कॉईलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतला प्रवाह झटकन तोडला की बारीक तारेत वीस-तीस हजार व्होल्ट उसळतात. म्हणजे ही चिमुकली डीपीच, फक्त उलटी. शेतातली डीपी 11 हजार व्होल्ट खाली उतरवून मोटरीला देते. ही 12 व्होल्ट वर चढवून प्लगला देते. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदाला 50 ठिणग्या. शेतातली डीपी सेकंदाला 50 सोडा, आठवड्याला एक रात्र धड चालली तरी आम्ही वायरमनला चहा पाजतो.

चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसाने 1910 च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बॅटरी-कॉईलची व्यवस्था बसवून दिली, आणि पुढची कित्येक दशकं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच रीतीने पेटल्या. आपली प्रीमियर पद्मिनी घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही बाई आयुष्यभर एकाच कॉईलवर नांदली. कॉईल एका बाजूला, तिच्यापासून डेल्कोकडे, म्हणजे ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याकडे, एक जाड केबल, आणि डेल्कोच्या टोपीतून चार प्लगांकडे चार. पावसाळ्यात टोपीत दमट हवा शिरली की गाडी रुसायची. मग फडक्याने टोपी पुसायची, फुंकर मारायची. उन्हाळ्यात इंजिनाचा पेट्रोलपंप तापला की त्याच्यावर ओलं फडकं. पद्मिनीच्या मालकाकडे फडकी दोन लागत, आणि त्यांची अदलाबदल झाली की प्रवास संपला.

त्या लांब केबलींचा इंजिनीअर लोकांनी धसका घेतला. केबल लांब म्हणजे गळती आली, उष्णतेने कडक होणं आलं, रेडिओत खरखर आली. म्हणून आधी डेल्को गेला, मग केबली आखूड झाल्या, आणि शेवटी प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉईल येऊन बसली. केबलच नाही. मला विचाराल तर मोटारीच्या इतिहासातली ही सगळ्यात शहाणी बदली: साहेबाला कामाच्या जागीच खोली दिली. पुतण्याच्या गाडीत चार प्लग, चार कॉईल, अशीच व्यवस्था.

पण ती दिसते! हे त्याचं दुःख. व्हॉल्व्हच्या झाकणावर चार काळ्या टोप्या आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. तिकडे अमेरिकेत 1997 च्या शेवरोले कॉर्वेटमध्ये जे नवं व्ही-8 इंजिन आलं, त्यात दोन्ही बाजूंच्या झाकणांवर चार-चार कॉईल बसवलेल्या असतात. हौशी मंडळी त्या उचलून मागच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यातल्या पत्र्यावर, नेतात किंवा कुठेतरी आत दडवतात, झाकण चकचकीत करतात आणि बॉनेट उघडं टाकून फोटो काढतात. पोराने ते व्हिडिओ पाहिले. पाहुणे यायचे म्हणून सगळा पसारा माळ्यावर फेकतात ना, त्यातलाच प्रकार. फक्त या माळ्यावर तीस हजार व्होल्ट असतात.

मग कळलं की प्लगवर बसणारी कॉईल नुसती उचलून लांब नेता येत नाही. तिला केबल लावायला टोकच नसतं. म्हणजे वेगळ्या कॉईल आणा. त्या आल्या. मग कळलं की काही कॉईलच्या पोटात प्रवाह तोडणारं बटण असतं आणि काहींचं बटण गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. दोन्ही एकमेकांना भलतंच समजतात. पहिल्या संचावर गाडी ढिम्म. दुसरा संच आला. पुण्याहून लाल सिलिकॉनच्या केबली आल्या, मापाने कापलेल्या. कॉईलचा स्टँड आमच्या इथल्या वेल्डिंगवाल्याने करून दिला. हा माणूस ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या जोडतो, त्यामुळे स्टँडवर चार टन ऊस मावेल असा तो झाला. फायरवॉलपाशी, कुणाला दिसणार नाही अशा अडगळीत, चारही कॉईल रुजू झाल्या. वर झाकण लाल रंगवलं, त्यावर पुन्हा विंचू.

गावजेवणाला यावेत तसे लोक बघायला आले. पुतण्याने बॉनेट उघडलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एकाने विचारलं, "मग इंजिन कुठंय?" पोराला हा आयुष्यातला सगळ्यात मोठा गौरव वाटला.

पहिल्या दमट रात्री गाडी मिसिंग मारू लागली. भीमेवरून धुकं आलं होतं, बाजूच्या उसाला पाणी चालू होतं. फिटरला बोलावलं. फिटर अनुभवी, त्याने आधी सगळे दिवे बंद करायला लावले. अंधारात बॉनेटखाली बघतो तर केबलीवरून पत्र्याकडे निळ्या ठिणग्या तडतड उडताहेत. प्लगपर्यंत जायचे व्होल्ट मधल्या स्टेशनावरच उतरत होते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथे पेटत होतं, आणि गाडी फटाके फोडत होती. गावातल्या पोरांना वाटलं, हीच ती स्पोर्ट. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका शेतकऱ्याने तर रात्रीच्या पाळीला गाडी आपल्या उसाच्या बांधाला उभी करशील का, म्हणून गंभीरपणे विचारलं. बिबट्याच्या भीतीने आमच्याकडे लोक फटाके विकत घेतात, इथे ते चालत्या गाडीत मिळत होते.

फिटरला दुरुस्ती करायची होती, पण कॉईल दिसेना. दडवायचीच होती ती. तिच्यापर्यंत हात जायला आधी तीन गोष्टी काढाव्या लागत. हात घातल्यावर त्याला एक झटका बसला आणि तो जे बोलला ते लेबल लावून ठेवण्यासारखं नव्हतं. मग पाणी पीत म्हणाला, "कंपनीनं वर ठेवली हुती ती काय तिला हवा खायला न्हवं. हात पुरावा म्हणून."

माझं यावर स्पष्ट मत आहे. नीटनेटकेपणा म्हणजे वस्तू दिसेनाशी करणं नव्हे. आमच्या बांधावरची डीपी बघा: पेटीला दार नाही, फ्यूजच्या जागी वाकवलेली तार, खाली गवत, आणि शेजारून पोरं शाळेत जातात. ती कुणाला आवरावीशी वाटत नाही. आणि जी चार यंत्रं बॉनेटखाली, चिखलापासून दूर, बिनबोभाट कामं करत होती, त्यांची आपण बदली केली. पुतण्याला हे मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "तात्या, डीपी महावितरणची आहे." हा मुद्दा मला खोडता आला नाही.

जुन्या कॉईल आता परत प्लगांच्या डोक्यावर बसल्या आहेत. गाडी गुपचूप, एका सुरात चालते. विंचवाला वहिनींनी अजून कुंकू लावलेलं नाही.

तर वाचकहो, लाल सिलिकॉनच्या चार केबली, केबलवाल्या कॉईलचे दोन संच आणि चार टन ऊस पेलेल असा एक स्टँड विकणे आहे. माल जेमतेम वापरलेला. चौकशी वडगाव रासाईच्या पारावर करावी. मात्र पुतण्या भेटला आणि बॉनेट उघडून दाखवतो म्हणाला, तर घरी दूध उतू जातंय असं सांगून निघावं. त्याच्या डोक्यात आता बॅटरी डिकीत न्यायचं घोळतंय.