डिस्ककाका

हिंजवडीतल्या कुठल्याही मोठ्या ऑफिसात सर्व्हर रूमच्या आसपास एक डिस्ककाका असतातच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, खिशात पेनटॉर्च, भर मे महिन्यात अंगात हाफ स्वेटर. जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी बंद पडते यावर त्यांची गाढ श्रद्धा. त्यामुळे सेफ नावाचं स्टोरेज सॉफ्टवेअर भेटलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या मनातलं बोलतंय असं त्यांना वाटलं.

सेज वाइल याने कॅलिफोर्नियात सांता क्रूझला पीएचडी करताना हे उभं केलं. 2006 साली त्यावरचा शोधनिबंध आला. म्हणणं सरळ आहे. साधे सर्व्हर घ्या, डेटाच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवा, एक गेला की बाकीच्यांनी आपसांत भरपाई करावी. साहेबांनी यातलं ‘साधे सर्व्हर’ एवढंच ऐकलं.

“म्हणजे कुठलंही हार्डवेअर चालतं ना?”

“चालतं की. किती दिवस, ते विचारा.”

मग कोटेशनं येऊ लागली. डेटाशीटमध्ये ‘अप टू’ दिसलं की काका त्याच्यापुढचा आकडा वाचतच नाहीत. एक तरतरीत पोरगा नमुन्याची एसएसडी घेऊन आला. सेकंदाला लाखभर ऑपरेशन्स म्हणे. काकांनी त्याच्यासाठी चहा मागवला आणि तिच्यावर एफआयओ ही वेगाची चाचणी लावली. चार-चार केबींचं एकेकच लिखाण, आणि प्रत्येक वेळी ते खरोखर उतरलं याची खात्री केल्याशिवाय पुढचं नाही. चहा येईपर्यंत लाखाचे काहीशे झाले होते. पोराचा चेहरा पडला. काकांनीच समजूत घातली, “तुझा दोष नाही रे. वीज गेली तर हातातलं लिहून संपवायला आत कपॅसिटर लागतात. ही घरगुती आहे, हिच्यात ते नाहीत, म्हणून ही दर वेळी खरंच लिहून होईपर्यंत थांबते.”

साध्या डिस्कचीही तीच तपासणी. 2020 मध्ये नासच्या म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, हे खोक्यावर कुठे नव्हतंच. त्यात एका ट्रॅकवर दुसरा थोडा चढवलेला असतो. वाचायला ठीक, पण मधलं काही बदलायचं तर शेजारचेही पुन्हा लिहा. तेव्हापासून काका टॉर्च मारून लेबलावरचं मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षरसुद्धा ताडून पाहतात. रेड कार्ड त्यांना नको, साधं एचबीए हवं. डिस्क आणि सेफच्या मध्ये तिसरा शहाणा बसलेला त्यांना खपत नाही. आणि डिस्क वेगवेगळ्या लॉटमधल्याच पाहिजेत. “एका पेटीतले आंबे एकाच दिवशी उतरतात,” हे वाक्य परचेसवाल्यांना आता तोंडपाठ आहे, तरी ते सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याकडून एकाच लॉटचा माल मागवतात तो मागवतातच.

खरी लढाई झाली ती खोक्यावरून. व्हेंडरने 4 यू मध्ये 60 डिस्क मावणारी तीन धिप्पाड खोकी सुचवली, प्रत्येक डिस्क 20 टीबीची. साहेबांनी गुणाकार केला: 3600 टीबी! त्यांनी तो आकडा वरच्यांना कळवूनही टाकला. काकांनी पांढऱ्या बोर्डावर शांतपणे तीनने भागलं. 1200. मग 85 टक्के भरलं की सेफ कुरकुर करतं म्हणून 1020. शिवाय डिस्क कंपनीचा टेरा हजाराच्या हिशेबाचा, कॉम्प्युटरचा एक हजार चोवीसच्या...

“थांबा,” साहेब म्हणाले. “पैसे साडेतीन पेटाबाइटचे द्यायचे आणि मिळणार एक?”

“मिळणार, पण एक खोकं बसलं तर तिसरी प्रत ठेवायची कुठे? चौथं खोकंच नाही. तीन मोठी घेण्यापेक्षा दहा लहान घ्या. एक गेलं तर दहावा हिस्सा गेला, बाकीची वाटून घेतात.”

“तीन प्रतींऐवजी इरेजर कोडिंग केलं तर?” साहेबांनी हा शब्द कुठूनतरी पैदा केला होता.

“डेटाच्या आठ तुकड्यांना भरपाईचे तीन जोडले तर जागा वाचते. पण तुकडे अकरा, ते अकरा सर्व्हरवर गेले पाहिजेत. तुम्ही तीनावर अडलाय.”

व्हेंडरने मेमरीही हात आखडून दिली होती. एका डिस्कमागे 4 जीबी हा सेफचा नेहमीचा हिशेब. साठांना 240, तेही सगळं सुरळीत असताना. कोटेशनमध्ये 128 होते. काकांनी त्या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि कागद परत सरकवला. शब्द एकही नाही. व्हेंडरला घाम फुटला, आणि तोही सर्व्हर रूममध्ये.

शेवटी बारा लहान सर्व्हर आले, दुपटीच्या बडबडीनंतर. पुढे एका रात्री एक डिस्क गेली. सेफने स्वतःच भरपाई करून घेतली, सकाळी सगळं हिरवं. कुणाची झोप मोडली नाही, याचं काकांना जरा वाईटच वाटलं असावं. साहेब मात्र खूश.

“बघा, काका, काही झालं नाही! उगाच एवढा खर्च केला. पुढच्या वेळी स्वस्तातलं घेऊ.”

“घेऊ ना, साहेब,” काका म्हणाले. “अलर्टला तेवढा तुमचा मोबाईल नंबर टाकून ठेवतो.”