हलका हवा, हलता नको

इंग्लंडात रेडिंगच्या आसपास तळ्यांना तोटा नाही. टेम्स आणि केनेटच्या खोऱ्यातली खडी घरांसाठी, रस्त्यांसाठी उपसली गेली, खड्डे पडले, खड्ड्यांत पाणी भरलं, पाण्यात कार्प सोडले आणि काठावर पॉडवाला येऊन बसला. तो अजून उठलेला नाही.

मासे पकडणं हा त्याच्या दिनक्रमातला किरकोळ भाग. त्याचा खरा विषय रॉड पॉड, म्हणजे गळाचे रॉड आडवे टेकवून ठेवायची घोडी. खाली पाय, मधून एक दांडी, पुढे-मागे दोन आडव्या पट्ट्या. पुढच्या पट्टीवर प्रत्येक रॉडखाली एकेक अलार्म, मागच्या पट्टीवर रॉडचा बुंधा धरून ठेवणाऱ्या रबरी पकडी. पाण्यातल्या नायलॉनला जरा ओढ बसली की अलार्ममधलं इवलंसं चाक फिरतं आणि तंबूत झोपलेल्या पॉडवाल्याच्या उशाशी रिसीव्हर कोकलतो. बहुतेक वेळा ते बदक असतं.

काठ मऊ मातीचा असेल तर दोन सळया खोचल्या की भागतं. पण जुन्या खाणीचा काठ म्हणजे नुसती खडी, त्यात सळई चार बोटंही शिरत नाही. क्लबांनी बांधलेल्या लाकडी फलाटांवर तर खोचायची सोयच नाही. म्हणून स्वतःच्या पायांवर उभा राहणारा पॉड. कारण एवढं साधं आहे. पण साध्या कारणावर समाधान मानेल तो पॉडवाला कसला! तो मऊ मातीतही पॉडच मांडतो.

आठवडाभर तो लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो, नाहीतर विम्याचे दावे तपासतो. शुक्रवारी दुपारनंतर मात्र त्याचं एकच मागणं असतं: पॉड हलका हवा आणि जागचा हलता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच पॉडमध्ये नांदत नाहीत हे त्याला कळत नाही असं नाही. स्टीलचा पॉड वादळात ढिम्म उभा राहतो, पण उचलताना कंबर धरते. ॲल्युमिनियमचा हातात घेतला तर फुलासारखा, पण कडेचा वारा लागला की थरथरतो आणि तिन्ही अलार्म एका सुरात रडतात. कार्बनचा हलकाही असतो आणि ताठही. त्याची किंमत तो बायकोला तुकड्यातुकड्यांत सांगतो.

हलक्याचा हा सोस कशासाठी, तर गाडी उभी करायची जागा आणि तळ्याची ठरलेली बाजू यांत चांगलं अंतर असतं. एका चाकाच्या हातगाडीवर तंबू, पलंगासारखी घडीची खाट, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, किटली, आमिषाच्या बादल्या, बेचाळीस इंची जाळं आणि मासा निजवायची जाड गादी रचलेली असते. सगळ्यांवर पॉड. गाडी चिखलात रुतली की तो घाम पुसत पॉडकडे रागानं बघतो. बादल्यांकडे कधीच नाही.

त्याला पॉड निवडताना बघायचं तर दुकानातच गाठावं. आधी पॉड गालिच्यावर मांडायला लावतो. पाय पसरतो, अंगठ्यानं फिरवायचे स्क्रू एकेक करून आवळतो आणि पुढच्या पट्टीच्या टोकाला तर्जनीनं हळूच दाबतो. दाबून सोडतो. मग पट्टी किती वेळ डुगडुगते ते श्वास रोखून पाहतो. नवशिका पाय तपासतो. हा सांधे तपासतो. खोट बहुधा पायांत नसतेच, ती पट्टी दांडीला मिळते त्या जोडात असते. पट्टी मधल्या एकाच खांबावर उभी असेल तर कडेचा रॉड उचलताना ती पिळते. फुटबॉलच्या गोलासारखे दोन्ही टोकांना खांब असतील तर पिळत नाही. पाय जितके फाकलेले आणि बुटके तितकं बरं. उंच पाय कामाचे ते वाहत्या नदीवर, जिथे नायलॉन प्रवाहातल्या कचऱ्याच्या वर धरावं लागतं. आणि रुंद पट्टीवर तीन रॉड ठेवण्यापेक्षा अरुंद पट्टीवर दोन ठेवले तर डोलणं कमी. हे सगळं तो दुकानदाराला समजावून सांगतो, आणि घेतो रुंद पट्टीच. सरकारी लायसन्स दोन रॉडचंही मिळतं, तीनचंही. तीनचे पैसे जास्त. ते भरल्यावर दोनच रॉड मांडायचे म्हणजे सरकारला देणगीच!

या छंदातल्या स्क्रूचीही गंमत आहे. अलार्म, सळई, पट्टी, सगळ्यांचे आटे तीन अष्टमांश इंचाचे, जुन्या ब्रिटिश मापाचे. 1971 साली या देशानं शिलिंग मोडीत काढले, पण तळ्याकाठचा स्क्रू इंचांतच राहिला. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा पाय कुठल्याही कंपनीच्या धडाला लागतो आणि पॉड कधीच पुरा होत नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या पॉडवाल्यानं स्टीलचा पॉड विकून निम्म्या वजनाचा घेतला. महिनाभर तो भेटेल त्याला करंगळीवर उचलून दाखवत होता. मग मार्चमधला वारा सुटला. दुसऱ्या शनिवारी पाहतो तो, पॉडच्या मधल्या दांडीला पाच लिटर पाण्याची पिशवी टांगलेली. मी काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "पाणी तळ्यातच मिळतं. गाडीवरून आणावं लागत नाही." याला उत्तर नाही. मी पुष्कळ शोधलं.

त्याच्या देव्हाऱ्यात दोन मूर्ती. पहिली रिचर्ड वॉकरची. त्यानं 1952 साली हियरफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यातून चव्वेचाळीस पौंडांचा कार्प काढला, आणि तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना दर्शन देत राहिला. माशाची चाहूल देणारा विजेचा अलार्म गळाच्या छंदात रुजवला तोही वॉकरनंच. दुसरी मूर्ती ख्रिस येट्सची: त्याच तळ्यात, 1980 साली, साडेएक्कावन्न पौंड. हातात बांबूचा जुना रॉड, गळाला मक्याचे दाणे. ही कथा पॉडवाला डोळे मिटून सांगतो. त्यात पॉड कुठेच येत नाही, हे त्याच्या लक्षात आणून देणं मला कधी जमलेलं नाही.

मासा लागला तरी तो खायचा नसतो. गादीवर निजवायचा, झोळीत तोलायचा, ओठाच्या जखमेला औषध लावायचं, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडायचा. एकच मासा पुन्हा पुन्हा लागतो, त्यामुळे माशांना नावं असतात. बेन्सन नावाची एक कार्पीण साठेक वेळा पकडली गेली होती. 2009 साली ती गेली तेव्हा 'द इकॉनॉमिस्ट'नं तिच्यावर मृत्युलेख छापला. पॉडवाल्यानं त्याचं कात्रण जपलंय. बेन्सन त्याच्या गळाला कधीच लागली नव्हती, तरी सांगताना आवाज जड होतो.

या उन्हाळ्यात भिगवणहून आमचे काका आले. जन्म उजनीच्या पाण्यालगत गेलेला, मासळीचा लिलाव रोजचा. त्यांना घेऊन तळ्यावर गेलो तर पॉडवाल्याला नेमका मासा लागलेला. औषध लावणं चाललं होतं. काकांनी वाकून पाहिलं.

"अरे, हा तर सायप्रिनस. आमच्याकडं किलोवर जातो. ह्याला काय झालंय?"

"काही नाही. सोडतायत परत."

"आजारी आहे?"

"नाही, काका."

काका गप्प झाले. मासा गेला, बुडबुडे विरले, मग त्यांची नजर पॉडवर पडली. "आणि ही घोडी?"

मी समजावलं. पॉडवाल्याला कोणीतरी पॉडबद्दल विचारतंय एवढं कळलं, आणि तो उठून जवळ आला. त्यानं पाय, सांधे, पट्टी, पाण्याची पिशवी सगळं दाखवलं. शेवटी म्हणाला, "यांना विचार, तुमच्याकडे कुठला पॉड वापरतात?"

काका खाटेवर टेकले. बूट काढला, मोजा काढला आणि उजव्या पायाचा अंगठा त्याच्यापुढे धरला. "ह्याला बांधायचा दोरा. ओढ बसली की जाग येती."

मी भाषांतर केलं. पॉडवाला हसला नाही. गुडघ्यांवर बसून त्यानं तो अंगठा नीट न्याहाळला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. "वजन शून्य," तो पुटपुटला. "स्क्रू नाही. बॅटरी नाही. वाऱ्यानं हलायचा प्रश्नच नाही." जरा वेळ विचार केला आणि खेदानं मान हलवली.

"पण अंगठे दोनच. मी लायसन्स तीन रॉडचं काढलंय."