आमच्या स्वमताचे कर्ते यांस

सकलगुणनिधान, परीक्षार्थीजनवत्सल, प्रातःस्मरणीय श्री. रा. रा. गाईडकार महोदय यांस,

रत्नागिरीहून दहावी-बारावीला मराठी शिकवणाऱ्या एका बाईचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण की, सराव परीक्षेचे पेपर तपासून झाले आणि आपले आभार मानल्यावाचून राहवेना. आपल्याला नावाने हाक मारली असती, पण मुखपृष्ठावर 'अनुभवी व तज्ज्ञ शिक्षक' यापलीकडे काही छापलेलं नाही. केवढा हा विनय! आमच्या मालगुंडच्या कृष्णाजी केशव दामल्यांनी निदान 'केशवसुत' एवढं तरी ठेवलं होतं. आपण तेवढाही मोह धरला नाहीत.

पहिले आभार माझ्या वेळेचे. रसग्रहणाला चार गुण. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, असे तीन मुद्दे. पूर्वी ही उत्तरं एकेक करून वाचावी लागत. कोण काय लिहील याचा नेम नसे, त्यामुळे जागं राहावं लागे. आता एक पेपर वाचला की अख्खा वर्ग वाचून होतो. उरलेल्या पेपरांवर लाल पेन आपलं आपण चालतं.

'प्रस्तुत कवितेत कवीने साध्या, सोप्या व ओघवत्या भाषेत जीवनाचे सत्य मांडले आहे.' काय हे वाक्य! रेशनच्या पिशवीसारखं, गहू घाला, तांदूळ घाला, सगळं मावतं. संतांच्या अभंगाला चालतं, मोरोपंतांच्या आर्येलाही चालतं. मोरोपंत साधे आणि सोपे होते ही बातमी खुद्द मोरोपंतांना कळली असती, तर त्यांना केवढा आनंद झाला असता!

'यमकामुळे कवितेला सुंदर नाद प्राप्त झाला आहे' या वाक्याबद्दलही मी ऋणी आहे. मुक्तछंदातल्या कवितेत मला इतकी वर्षं यमक सापडलं नव्हतं. आपल्या कृपेने माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते सापडलं. दृष्टी म्हणतात ती हीच.

यंदा एका पेपरात 'कवयित्री नारायण सुर्वे' भेटल्या. मुलाला मी अजिबात दोष देत नाही. आपल्या साच्यातून इंदिरा संतांना उचलून तिथे सुर्व्यांना बसवताना त्याचा एक शब्द बदलायचा राहिला, इतकंच. साचा पक्का असला की आत कोण आहे याला फारसं महत्त्व राहत नाही, हे तत्त्व आपणच शिकवलंत.

याच सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपायाची नोकरी केली, मग त्याच शाळांच्या जगात ते शिक्षक झाले. आपण त्यांना एका ओळीत मोकळं केलंत: 'कवीने कष्टकऱ्यांच्या व्यथा परिणामकारकपणे मांडल्या आहेत.' परिणाम कोणता, कुणावर आणि कोणत्या शब्दामुळे झाला, असल्या क्षुल्लक चौकशीत आपण मुलांना पडू दिलं नाहीत. मुलांचे डोळे त्यामुळे शाबूत राहिले. कवितेकडे बघावंच लागलं नाही.

भरतमुनींनी आठ रस सांगितले, नववा शांतरस मागाहून आला. दहाव्या जागेसाठी भक्ती आणि वात्सल्य यांची तक्रार चालू असताना आपण गुपचूप गुणरस आणून बसवलात. स्थायीभाव: भीती. संचारीभाव: घोकंपट्टी. एवढं शास्त्रशुद्ध काम पंडितांनाही जमलं नव्हतं.

अलंकारही आपण सोपे केलेत. बारावीच्या मुलांना अपन्हुती समजावताना मला उदाहरण सुचत नसे. वस्तू समोर असताना 'ही ती नव्हेच, ही दुसरीच' असं ठासून सांगायचं, ते कसं दाखवावं? आता गाईड उंच धरते आणि म्हणते, 'मुलांनो, हे पाठांतर नव्हे, हे रसग्रहण आहे.' लगेच कळतं.

परंतु महाराज, आपल्या उपकारांचा कळस म्हणजे स्वमत. घोकंपट्टी थांबावी, मुलांनी स्वतःचा विचार लिहावा, म्हणून मंडळाने प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका केली आणि 'स्वमत' विचारायला सुरुवात केली. मुलं बिचारी घाबरली. स्वतःचं मत कुठून आणायचं? आपण धावून आलात. प्रत्येक पाठाखाली विद्यार्थ्याचं स्वतःचं मत छापून दिलंत, तेही मुद्द्यांसह आणि ठळक अक्षरांत. 'मला असे वाटते की' इथपासून सगळं तयार. आता अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी, एकाच स्वल्पविरामापाशी एकच गोष्ट वाटते. एवढी एकजूट आम्हाला ग्रामसभेत कधी दिसली नाही.

दहावीच्या कुमारभारतीत आसावरी काकडे यांची 'खोद आणखी थोडेसे' ही कविता आहे. हाती लागलं नाही म्हणून थांबू नये, अजून खाली जावं, असं सांगणारी. आपण तिचंही उत्तर खोदून, धुऊन, पुसून, पाकिटात घालून दिलंत. कवयित्रीचं म्हणणं मुलांनी मनावर घेतलं असतं तर केवढी दमली असती ती!

आता थोडं घरचं सांगते. मिरकरवाड्याकडून येणारी एक मुलगी माझ्या वर्गात आहे. सुर्व्यांच्या 'दोन दिवस'वर तिचं उत्तर तपासत होते. निळ्या पेनाने आपलं वाक्य वळणदार अक्षरात होतं, पण खाली कागद जरा खरबरीत लागला. शिवणीत खोडरबराचा भुगा अडकलेला. ट्यूबलाईटसमोर पान धरलं तेव्हा पेन्सिलीचे वळ दिसले: 'कवी पैशांचा नाही, दिवसांचा हिशोब मांडतो. पावसात बोटी बंद असल्या की आई पण असंच करते. आजचा गेला, उद्याचा कसा काढायचा.'

कवी कशाने मोजतो, हे तिने बरोबर पकडलं होतं. पैशांऐवजी दिवस मोजल्याने काय होतं, हे तिला घरातच कळलं होतं. रसग्रहण यापेक्षा वेगळं काय असतं, हे मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, 'का गं खोडलंस?' ती म्हणाली, 'मॅडम, ते माझं होतं ना, म्हणून.'

हे ऐकून आपल्याला धन्य वाटलं असेल. पंधरा वर्षांच्या पोरीला स्वतःचं आणि बरोबर या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या लवकर पटवून देणं सोपं नाही. आम्ही शिक्षक इतकी वर्षं खडू झिजवतो, आमच्याने ते झालं नसतं. आपल्याला त्याची किंमत पुस्तकाच्या पाठीवर छापावी लागली, एवढंच.

केशवसुतांचंही सांगायला हवं. जन्म १८६६चा, मॅट्रिक झाले १८८९ साली. म्हणजे आजच्या हिशोबाने फारच उशिरा. तेव्हा आपण असता तर लवकर सुटले असते, आणि मग कविता लिहायची गरजही उरली नसती. या गृहस्थाने इंग्रजी सॉनेट वाचून चौदा ओळींचा तो घाट मराठीत आणला. आता चौदाच का, एवढ्या अरुंद जागेत कवीला कुठे वळावं लागतं, शेवटच्या ओळींवर सगळा भार का येतो, असले प्रश्न एखाद्या मुलाने बोटांवर ओळी मोजता मोजता विचारलेही असते. आपण वेळीच आवरलंत: 'कवीने सुनीत हा काव्यप्रकार यशस्वीपणे हाताळला आहे.' हाताळला! कविता गेली, हात धुतले, चार गुण.

आमच्या गावात १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे. तिथे श्री. ना. पेंडशांच्या कादंबऱ्या मिळतात, केशवसुतांच्या कविता मिळतात. मुलांना तिकडे पाठवण्याचा हट्ट मी अधूनमधून करते. परवा एक पालक मला समजावून गेले, 'मॅडम, मूळ पुस्तकात उत्तरं नसतात हो.' त्यांचंही खरंच. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीत जन्मले, तिथल्या माणसांवर कादंबऱ्या लिहिल्या, पण 'प्रादेशिकतेची पाच वैशिष्ट्ये' असं कुठेही लिहून ठेवलं नाही. मोठा निष्काळजीपणा.

आणि आपल्याविरुद्ध तक्रार तरी कुणी करावी? २०१२ मध्ये कोकण विभागीय मंडळ झालं, तेव्हापासून निकालात कोकण पहिला. निकालाच्या दिवशी पेढे वाटतात. त्या पेढ्यांत आपला वाटा असूनही आपल्याला कुणी एक पेढा धाडत नाही, याची मला खंत आहे.

तरी एक नम्र विनंती. एकदा रत्नागिरीला यावं. उतरायची सोय आमच्याकडे. वर्गातल्या शेवटच्या बाकावर आपल्याला बसवते, आपण कधी न वाचलेली एक कविता देते आणि वीस मिनिटं देते. गाईड बाहेर ठेवायचं. कवीने काय केलं आणि त्यामुळे आपल्याला काय झालं, एवढंच लिहायचं. शेजारी मिरकरवाड्याची मुलगी बसेल. तिच्या पेपरात बघू नये. या वेळी खोडरबर मी आधीच काढून घेतलेला असेल.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपली कृपाभिलाषी,
रत्नागिरीची एक मराठीची बाई

ता. क. : या पत्रात वरून स्तुती आणि आतून निंदा आहे, म्हणून अलंकार व्याजस्तुती, असं एखादं आगाऊ पोर म्हणेल. आपण काळजी करू नये. पुढच्या आवृत्तीत उत्तर 'अतिशयोक्ती' असं छापून टाकावं. सगळी मुलं तेच लिहितील.