गादीचा सात-बारा

सकाळी सातला फोन वाजला आणि पलीकडून "गुरुजी, सवड आहे का? पंच पाहिजेत" असं आलं, की मी ओळखतो. भाऊसाहेबांच्या माडीवर रात्री काहीतरी सांडलंय. मी सदरा चढवून निघतो. कोपऱ्यावर इस्त्रीवाला भेटतो, त्यालाही फोन गेलेला असतो. पंचनाम्याला दोन पंच लागतात आणि ते प्रतिष्ठित लागतात. सकाळी सातला मोकळे असलेले प्रतिष्ठित आमच्या आळीत आम्ही दोघेच.

भाऊसाहेब म्हणजे निवृत्त तलाठी. २०२४ साली सरकारनं तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' केला, पण तोवर हे घरी बसले होते, आणि गावाच्या तोंडी भाऊसाहेब ते भाऊसाहेबच. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या नुकसानीवर सह्या केल्या. गारपिटीत आडवी झालेली ज्वारी, पावसात कुजलेला कांदा, वाऱ्यानं उडालेले पत्रे. मग निवृत्तीच्या पैशातून घरावर तीन खोल्या चढवल्या, मुलानं पुण्यात बसल्या बसल्या त्या पाहुण्यांसाठी ॲपवर टाकल्या, आणि भाऊसाहेबांच्या नशिबी पहिल्यांदाच स्वतःचं नुकसान आलं.

असे भाऊसाहेब आता गावोगाव झालेत. रस्त्याला लागून घर आणि वर रिकामी माडी असली, की निवृत्त माणूस आज ना उद्या पाहुणे ठेवतोच. फक्त ज्याचं जे खातं, त्याची ती रीत. निवृत्त कंडक्टर आधी पैसे घेतो, मग खोली दाखवतो आणि सुट्टे मागतो. बँकेतला कॅशियर पाहुण्याची सही दोनदा घेतो आणि जुळत नाही म्हणतो. हेडमास्तर चादर खराब करणाऱ्याला पालकांना घेऊन यायला सांगायच्या बेतात असतो. आमचे भाऊसाहेब पंचनामा करतात.

आता खंडाळ्याला पाहुणे कशाला येतात, असं तुम्ही विचाराल. आमचं खंडाळा म्हणजे ते नव्हे. १९९८ साली 'गुलाम' सिनेमातल्या गाण्यानं ज्याचं नाव देशभर केलं, ते लोणावळ्याशेजारचं. आमचं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. तिकडं धुकं आणि चिक्की, इकडं महामार्ग आणि मिसळ. दर पावसाळ्यात एखादं नवं जोडपं नावावर भुलून आमच्याकडचीच खोली घेतं आणि रात्री नऊला येऊन "दरी कुठल्या बाजूला?" म्हणून विचारतं. भाऊसाहेब खिडकी उघडून देतात आणि म्हणतात, "दरी नाही. ते दिवे दिसतात ती एमआयडीसी." पण चुकून येणाऱ्यांवर काही माडी चालत नाही. घाट ओलांडला की वाई, पाचगणी, महाबळेश्वर. कास फुललं की पुणेकरांच्या गाड्यांची रांग. पौषात मांढरदेवीची यात्रा, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जन्मगावी, आमच्याच तालुक्यातल्या नायगावला, येणारी माणसं. आणि लग्नसराईत तर विचारूच नका.

चादरी पांढऱ्या घ्यायच्या हा मुलाचा हट्ट. "बाबा, हॉटेलात पांढऱ्याच असतात. स्वच्छ आहे ते दिसतं." काकी, म्हणजे भाऊसाहेबांच्या मंडळी, म्हणाल्या, "अरे, घाण आहे तेबी दिसतं. चॉकलेटी घे." पण मुलगा आयटीत, त्यामुळं पांढऱ्या आल्या. वरून सोलापुरी चादर, ती मात्र काकींच्या आग्रहानं. हा सगळा धंदा, मुलानं एकदा समजावून सांगितलं, मुळात गादीतूनच निघाला. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना घरभाडं परवडेना, म्हणून त्यांनी हवा भरायच्या तीन गाद्या घरात टाकल्या आणि पाहुणे ठेवले. तिथून पुढं एअरबीएनबी झाली. भाऊसाहेबांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि एकच शेरा मारला, "हवेची गादी शहाणपणाची. भिजली तर पुसता येते."

त्यांच्या माडीवर सहा गाद्या आणि सहा गाद्यांचे सहा सात-बारा. मी थट्टा करत नाही. जाड पुठ्ठ्याची नोंदवही आहे, रेघा हातानं मारलेल्या. क्षेत्र सहा फूट बाय पाच फूट. चतुःसीमा: पूर्वेस खिडकी, पश्चिमेस कपाट, उत्तरेस भिंत, दक्षिणेस येण्याजाण्याची वाट. जो डाग कशानंही जाणार नाही तो 'पोटखराबा', म्हणजे लागवडीस अयोग्य. गादी कोरडी असेल तर जिरायत. तीन नंबरची गादी दोन वर्षांत दोनदा बागायत झाली. त्या गादीच्या 'इतर हक्क' रकान्यात मी स्वतः वाचलेली नोंद अशी: "पाहुण्यांचा नातू, वय ३, रात्रीचा ओलावा. मेणकापड अंथरण्याबाबत समज दिली."

पाहुणा यायच्या आधी ते प्रत्येक गादीचा, उशीचा, अभ्र्याचा मोबाइलवर फोटो काढतात, तारखेसकट. याला ते ई-पीक पाहणी म्हणतात. पाहुणा गेला की पुन्हा फोटो. मग डागाची पैसेवारी लावायची. पिकाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईत धरतात. तीच फूटपट्टी चादरीला. भाऊसाहेब गुडघ्यावर बसून वितीनं डाग मोजतात, चष्मा वर-खाली करतात आणि पुटपुटतात, "बासष्ट पैसे. वापरता येईल." इस्त्रीवाला हळूच म्हणतो, "भाऊसाहेब, उलटी अंथरली तर सत्तर."

ॲपचा नियम त्यांना तोंडपाठ आहे. पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांच्या आत नुकसानीची मागणी करायची. "फेरफाराच्या नोटिशीला हरकत घ्यायला १५ दिवस असतात," ते म्हणतात. "हे लोक एका दिवसानं पुढं आहेत."

त्यांचं गाजलेलं प्रकरण भंडाऱ्याचं. सोमवती अमावस्येला एक कुटुंब जेजुरीहून नीरा-लोणंदमार्गे आलं. खंडोबाला भंडारा उधळून आलेली माणसं म्हणजे डोक्यापासून टाचेपर्यंत सोनं झालेली. नऊ माणसं, त्यात दोन आज्या. दमून आली, तशीच आडवी झाली आणि पहाटे उठून वाईला गणपतीला गेली. आम्ही पोचलो तेव्हा माडीवर हळदीचं शेत पिकलं होतं. उशांवर कपाळांचे गोल, चादरींवर आख्ख्या माणसांच्या आकृत्या. भाऊसाहेबांनी पैसेवारी लावली: अठरा पैसे. टंचाई जाहीर झाली. अनामतीतले तीनशे रुपये राखून ठेवल्याचा निरोप त्यांनी फोनवर टाईप करून पाठवला, समोर कोणी नव्हतं म्हणून तो जमला.

खरी गंमत पुढं. इस्त्रीवाल्यानं चादरी नेल्या, सोड्याच्या पाण्यात बुडवल्या आणि दहा मिनिटांत पळत परत आला. "भाऊसाहेब, लाल झालं!" आम्ही जाऊन पाहिलं. टबात चादर रक्तानं माखल्यासारखी. भाऊसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. तीस वर्षांत एकही पंचनामा फौजदारी नव्हता. ते म्हणाले, "पोलीस पाटलाला बोलवा."

तेवढ्यात काकी धुण्याच्या दगडापाशी आल्या, टबात डोकावल्या आणि हसतच सुटल्या. "अवो, हळद हाय ती! हळदीला चुना लावला की कुंकू हुतं, सोडा लावला म्हून काय येगळं व्हनार हाय?" खरंच आहे. हळदीतला पिवळा रंग क्षाराला भेटला की लाल होतो, जुनं कुंकू त्याच करणीनं बनायचं. काकींनी चादरी साध्या पाण्यातून चार वेळा काढल्या आणि गच्चीवर उन्हात टाकल्या. हळद पाण्याला भीक घालत नाही, पण उन्हापुढं टिकत नाही. तिसऱ्या दिवशी चादरी जशाच्या तशा पांढऱ्या.

कुणालाही आनंद झाला असता. भाऊसाहेबांना घोर लागला. डाग गेला, पण राखून ठेवलेल्या तीनशे रुपयांचं काय? नुकसान नाही तर भरपाई कशाची? रात्रभर झोपले नाहीत. सकाळी पाहुण्यांना पैसे परत पाठवले, सोबत निरोप: "सदर डाग उन्हाने निर्गत झाल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." पाहुण्यांना काही कळलं नाही. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

कागदावर वाघ असलेला हा माणूस समोरासमोर कसा होतो, ते मी मेहंदीच्या वेळी पाहिलं. लग्नाचं वऱ्हाड होतं. मुलींनी कोपरापर्यंत मेहंदी काढून घेतली आणि ओल्या हातांनीच झोपल्या. सकाळी चार अभ्र्यांवर पाचही बोटं स्पष्ट, ठसे घ्यायला बसल्यासारखी. सुती कापडावरची मेहंदी म्हणजे पोटखराबाच. भाऊसाहेब पेटले. पंचनामा लिहिला, आम्ही सह्या केल्या, हिशेब झाला आठशे रुपये. कागदाची घडी खिशात घालून ते जिना उतरले, मागं आम्ही दोन पंच.

खाली मुलीचा बाप सामान मोजत होता. डोळे रडून लाल. भाऊसाहेबांनी घसा साफ केला. खिशात हात घातला. कागद अर्धा बाहेर आला. आणि ते म्हणाले, "चहा झाला का?"

चहा झाला. मग पोहे झाले. मुलीच्या बापानं लाडवांचा डबा दिला आणि भाऊसाहेबांनी आत जाऊन काकींकडून नवरीसाठी खणाचं कापड आणलं. गाडी हलली तेव्हा आठशे रुपयांचं नुकसान बाराशेवर गेलं होतं. इस्त्रीवाला माझ्याकडं बघून म्हणाला, "गुरुजी, याचा पुरवणी पंचनामा करायचा का?"

मी त्या दिवशी विचारलंच. ते ओसरीवर बसून लाडू खात होते. म्हणाले, "नुकसान मोजायला मला खात्यानं शिकवलं, गुरुजी. मागायला नाही शिकवलं. तिथं भरपाई वरून यायची. आली तर आली. आपण कधी कुणाच्या तोंडाकडं बघून पैसे मागितले नाहीत." थोडं थांबून म्हणाले, "आणि लोक आपल्याला विचारायचे, भाऊसाहेब, पंचनामा झाला, पैसे कधी? तेव्हा मी वर बोट दाखवायचो. आता वर आपलीच माडी आहे."

पाहुणेही त्यांनी प्रकारवार लावलेत. पहिला, गादी उलटून जाणारा. गादी उलटलेली दिसली की ती सरळ करायची. तोवर खाली काय आहे ते देव जाणे. दुसरा, "आधीपासूनच होतं" म्हणणारा. त्याला तारखेचा फोटो. तिसरा, चादरीनं बूट पुसणारा. तो शिकलेला असतो. चौथा, तांबडा रस्सा पलंगावर बसून खाणारा आणि वर "मसाला कुठला?" असं विचारणारा. पाचवा क्वचित येतो. तो जाताना म्हणतो, "काका, रात्री चहा सांडला." या पाचव्याचं नाव भाऊसाहेब लाल शाईनं लिहितात.

सगळा धंदा खरा सांभाळतात काकी. त्यांना नोंदवही लागत नाही. पाहुण्यांनी बॅगा उचलल्या की दारात उभ्या राहून विचारतात, "पोरी, काय सांडलं-लवंडलं असंल तर सांग बरं का, वाळायच्या आत पान्यात टाकते. पैसं न्हाई मागायची." आणि नवल म्हणजे लोक सांगतात. दूध, रक्त, अंडं असेल तर गार पाणी, गरम घातलं की ते कापडात शिजून बसतं. तेलकट असेल तर आधी पावडर भुरभुरायची, मग साबण. मेण असेल तर खाकी कागद ठेवून वरून इस्त्री. ओला डाग दहा मिनिटांचं काम आहे, लपवलेला डाग जन्माचा सोबती. जे त्यातूनही उरतात त्या चादरींच्या पट्ट्या फाडून काकी जुन्या लुगड्यांसोबत वाकळ शिवतात. वाकळीत मेहंदीचे ते चार पंजे मधोमध बसलेत. परवा एका पुण्याच्या बाईनं तिच्यावर हात फिरवून विचारलं, "हे ब्लॉक प्रिंट कुठं मिळतं?"

मार्चअखेर भाऊसाहेब नोंदवही बंद करतात. सवयच ती. यंदा मला वाचायला दिली. प्रकरणं सत्तावीस. पंचनामे सत्तावीस. निकाली सत्तावीस. शेवटच्या रकान्यात, 'वसुली' या शब्दाखाली, वळणदार अक्षरात, निळ्या शाईत एकच शब्द: निरंक.

तर खंबाटकी चढायच्या आधी कधी आमच्या खंडाळ्याला मुक्काम केलात, तर जेवा, झोपा, कशाची भीड बाळगू नका. फक्त काही सांडलं तर रात्रीच काकींना हाक मारा. भाऊसाहेब तुमच्याकडं पैसे मागणार नाहीत, तो धीर त्यांना कधी होणार नाही. पण गादी उलटून गेलात, तर सकाळी सातला फोन मला येतो.